समुद्रातील औषधांच्या बातम्या पहिल्याच पायरीवर का थांबतात?

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

समुद्राच्या तळातून काढलेल्या एखाद्या जीवाणूपासून कर्करोगावर, किंवा प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंवर, ‘रामबाण’ औषध सापडल्याची बातमी वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आणि समुद्राच्या गाळातून जीवाणू वेगळे करण्यात माझ्या नोकरीची वर्षे गेली, त्यामुळे अशी बातमी मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. हा विषय लोकांपर्यंत पोहोचतो याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र यांपैकी बहुतेक बातम्या, जिथे खरे काम सुरू होते, नेमक्या तिथेच संपतात. काचेच्या बशीत एका अर्काने जंतू मारले, एवढ्यावर ‘औषध सापडले’ असे छापले जाते, आणि पुढे त्या रेणूचे काय झाले हे वाचकाला कधीच कळत नाही. यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. आजारी माणसाच्या घरात खोटी आशा निर्माण होते, आणि ज्या मधल्या, वेळखाऊ कामावर या संशोधनाचे यश अवलंबून असते ते कोणाच्या नजरेस न पडल्यामुळे त्याला पैसाही मिळत नाही. या दुसऱ्या नुकसानीविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी मागते.

सुरुवात श्रेयापासून करावी लागेल, कारण बातमीबरोबर छायाचित्र येते ते बहुधा रंगीबेरंगी स्पंजाचे किंवा प्रवाळाचे. समुद्री प्राण्यांपासून औषधे मिळाली हे खरेच आहे. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना कॅरिबियन भागातील एका स्पंजात नेहमीच्या न्यूक्लिओसाइडांपेक्षा, म्हणजे डीएनए ज्यांपासून घडतो त्या रेणूंपेक्षा, वेगळ्या घडणीचे रेणू आढळले, आणि त्यांवरून बेतलेले सायटॅराबिन १९६९ पासून रक्ताच्या कर्करोगावर वापरले जात आहे. पण पुढच्या काळात एकामागून एक उदाहरणांत असे दिसून आले, की प्राण्याच्या अंगात सापडलेले रसायन त्या प्राण्याने बनवलेलेच नव्हते. जॉर्ज पेटिट यांच्या गटाने हिंदी महासागरातील सी हेअर या गोगलगायीच्या कुळातल्या प्राण्यापासून डोलास्टॅटिन १० हा अतिशय जहाल रेणू वेगळा केला आणि १९८७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. २००१ मध्ये तोच रेणू एका सागरी सायनोबॅक्टेरियात, म्हणजे ज्याला आपण नीलहरित शैवाल म्हणत आलो त्या प्रकारच्या जीवाणूत, थेट सापडला. तो प्राणी हे जीवाणू खातो आणि त्यांचे विष अंगात साठवतो. खारफुटीच्या मुळांना चिकटून वाढणाऱ्या एका ट्युनिकेटपासून, म्हणजे पिशवीसारख्या अंगाच्या समुद्री प्राण्यापासून, मिळालेल्या ट्रॅबेक्टेडिन या कर्करोगावरील औषधाचा खरा कर्ता त्याच्या ऊतींत राहणारा, आजवर प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे न वाढवता आलेला जीवाणू आहे. २०१४ मध्ये जपानजवळच्या एका स्पंजाचा अभ्यास झाला, तेव्हा त्यातील जवळपास सर्व औषधी गुणाचे रेणू एंटोथिओनेला नावाच्या एकाच जीवाणूगटाकडे बोट दाखवू लागले. काही स्पंजांच्या वजनाचा तब्बल ४० टक्क्यांपर्यंतचा भाग अशा सूक्ष्मजीवांचाच असतो. स्पंज जागचा हलू शकत नाही, त्याला कवच नाही, दात नाहीत. त्याचे संरक्षण त्याच्या अंगातले हे भाडेकरू करतात असे म्हटले तरी चालेल.

हे कळण्याला व्यवहारात फार महत्त्व आहे. प्राणी हाच स्रोत धरला, तर औषधासाठी त्याची कत्तल करावी लागते. ब्रायोस्टॅटिन १ या रेणूच्या चाचण्यांसाठी अमेरिकेत सुमारे १३ टन ब्रायोझोआ, म्हणजे खडकांवर आणि जहाजांच्या तळावर शेवाळासारखे वाढणारे प्राणी, गोळा करण्यात आले आणि त्यांतून हाती आले अवघे १८ ग्रॅम. जपानमध्ये हालिकोंड्रिन बी या कर्कपेशी मारणाऱ्या रेणूसाठी ६०० किलो स्पंज लागला, आणि मिळाले १२.५ मिलिग्रॅम. एवढ्याशा पुड्यांवर एखाद्या रोगाचा उपचार उभा राहू शकत नाही, आणि तो उभा करायचा म्हटला तर समुद्रतळ ओरबाडून काढावा लागेल. हालिकोंड्रिनच्या बाबतीत रसायनशास्त्रज्ञ मदतीला आले. हार्वर्डमध्ये योशितो किशी यांच्या गटाने १९९२ मध्ये तो रेणू प्रयोगशाळेत संपूर्ण घडवला, आणि त्याचाच अर्धा भाग पुरेसा आहे हे लक्षात आल्यावर त्यातून एरिब्युलिन हे औषध तयार होऊन २०१० मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. ट्रॅबेक्टेडिनची वाट वेगळी: जमिनीवरचा सुडोमोनास फ्लुओरेसन्स हा जीवाणू टाक्यांत वाढवून त्याच्याकडून मिळणाऱ्या जवळच्या रेणूवर पुढची रासायनिक क्रिया करतात आणि औषध बनवतात. सूक्ष्मजीव हा या सगळ्याचा केंद्रबिंदू आहे तो यासाठी: एकदा तो बाटलीत वाढू लागला, की समुद्राकडे पुन्हा हात पसरावा लागत नाही. मूठभर गाळ पुरतो.

समुद्राकडून मिळालेल्या सर्वांत मोठ्या देणगीचा उल्लेख मात्र अशा बातम्यांत क्वचितच असतो. सार्डिनिया बेटावरील कालियारी येथे जुसेप्पे ब्रोत्सू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहराचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळत होते तिथले पाणी आपोआप स्वच्छ होत असावे, आणि त्यामागे एखाद्या सूक्ष्मजीवाचा हात असावा, असा त्यांचा कयास होता. १९४५ मध्ये त्यांनी त्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. तिच्या द्रवाने विषमज्वराच्या जंतूंसह अनेक जंतूंची वाढ थांबत होती. युद्धाने मोडून पडलेल्या देशात हे काम पुढे नेण्याची साधने त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी १९४८ मध्ये आपले निष्कर्ष एका छोट्या स्थानिक प्रकाशनात छापले आणि बुरशीचा नमुना ऑक्सफर्डला पाठवला. तिथे एडवर्ड एब्राहम आणि गाय न्यूटन यांना असे आढळले, की ब्रोत्सू यांनी पाहिलेला विषमज्वराविरुद्धचा परिणाम मुख्यतः पेनिसिलिनच्या एका प्रकारामुळे होता. याच बुरशीच्या द्रवात अत्यल्प प्रमाणात दडलेला, सुरुवातीला कोणाच्या लक्षातही न आलेला आणखी एक रेणू त्यांना १९५३ मध्ये सापडला. तो सेफॅलोस्पोरिन सी. त्याची घडण निश्चित व्हायला, त्यात बदल करून वापरण्याजोगे औषध बनवायला आणखी एक दशक गेले, आणि १९६४ मध्ये सेफॅलोथिन बाजारात आले. आज शस्त्रक्रियेआधी दिली जाणारी, न्यूमोनियात आणि मूत्रमार्गाच्या संसर्गात दिली जाणारी कितीतरी प्रतिजैविके याच घराण्यातली आहेत.

या घटनाक्रमाकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहावे अशी माझी विनंती आहे. ब्रोत्सू यांनी जे शोधले असे त्यांना वाटत होते, ते औषध झाले नाही. जे औषध झाले, ते त्यांना दिसलेही नव्हते. मग त्यांचे योगदान कोणते? त्यांनी बुरशी जिवंत ठेवली, लिहून ठेवली, आणि ज्यांच्याकडे साधने होती त्यांना मोकळ्या मनाने दिली. ती वाळून गेली असती तर १९५३ चा शोध लागलाच नसता. १९४५ मध्येच ‘विषमज्वरावर समुद्रातून औषध’ अशी बातमी छापून विषय संपवला असता, तर ती बातमी चुकीची ठरली असती आणि खरी गोष्ट कोणालाच कळली नसती.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते थोडे सांगते, कारण ते पाहिल्याशिवाय त्याला वेळ का लागतो हे समजत नाही. तळाचा गाळ आणला, की तो निर्जंतुक हवेत वाळवायचा, कधी थोडा तापवायचा, म्हणजे घाईने वाढणारे जीवाणू मरतात आणि बीजाणू करणारे टिकतात. मग समुद्राच्या पाण्यात बनवलेल्या अगरवर, म्हणजे जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर, तो हलकेच टेकवायचा. अन्न मुद्दामच कमी ठेवायचे. बुरशी माजू नये म्हणून माध्यमात बुरशीनाशक घालायचे. दोन दिवसांत प्लेटवर चिकट, ओलसर, पांढुरक्या वसाहती पसरतात, आणि नवखा विद्यार्थी त्याच मोजून प्लेट टाकून द्यायला निघतो. त्याला थांबवावे लागते. कडा सीलबंद करून, अगर सुकू न देता ती प्लेट आठवडेच्या आठवडे ठेवावी लागते. मग कधीतरी, भिंगाशिवाय नीट न दिसणारा नारिंगी ठिपका उगवतो. तो सुईने उचलू गेले तर उचलत नाही. अगरमध्ये मुळे रोवल्यासारखा घट्ट बसलेला असतो आणि त्याचा तुकडा कापूनच काढावा लागतो. आणखी काही दिवसांनी त्याच्या मध्यभागी काळेपणा येतो, कारण बीजाणू तयार होऊ लागलेले असतात. सागरी ॲक्टिनोमायसीट कुळातल्या, म्हणजे बुरशीसारखे तंतू करून वाढणाऱ्या जीवाणूंच्या कुळातल्या, सॅलिनिस्पोरा या जीवाणूची वसाहत अशी दिसते. त्याला जमिनीवरच्या त्याच्या नातेवाइकांसारखे साध्या पाण्यातले माध्यम चालत नाही. समुद्राचे पाणी काढून घेतले की तो वाढायचे थांबतो.

या सॅलिनिस्पोराची कहाणी माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. मातीतल्या ॲक्टिनोमायसीटांनी १९४३ च्या स्ट्रेप्टोमायसिनपासून पुढे जगाला प्रतिजैविकांचा मोठा साठा दिला. पण समुद्रात सापडणारे त्यांचे भाईबंद हे जमिनीवरून पावसापाण्याबरोबर वाहून आलेले बीजाणूच असावेत, असे बरीच वर्षे मानले जाई. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन यांनी १९८९ मध्ये बहामा बेटांजवळच्या गाळातून जे जीवाणू वेगळे केले, त्यांनी ही समजूत मोडीत काढली. ते खरोखरीचे समुद्रवासी होते. त्यांच्यापैकी एकाने बनवलेल्या सॅलिनोस्पोरामाइड ए या रेणूची माहिती प्रसिद्ध झाली २००३ मध्ये. पेशीत निकामी झालेली प्रथिने मोडून टाकणारी प्रोटिएसोम नावाची जी यंत्रणा असते, तिला हा रेणू कायमचा कुलूप घालतो, आणि अखंड प्रथिने तयार करत राहणाऱ्या कर्कपेशी त्या कचऱ्यात गुदमरतात. त्या कायमच्या कुलपाची किल्ली आहे क्लोरीनचा एक अणू. रेणू यंत्रणेला चिकटला की क्लोरीन निघून जातो आणि परतीची वाट बंद होते. ज्या जवळच्या रेणूत क्लोरीन नाही, तो पुष्कळच दुबळा ठरतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडची रेलचेल असते, आणि या जीवाणूकडे ते क्लोराइड उचलून रेणूत बसवणारे खास विकर (एन्झाइम) आहे. समुद्राने जीवाणूला जे दिले त्यातूनच त्याने हे हत्यार घडवले, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला जे वाटले त्याला आनंदाशिवाय दुसरा शब्द नाही. २००७ मध्ये या जीवाणूचा जीनोम वाचला गेला. सुमारे ५२ लाख अक्षरांच्या त्या मजकुराचा जवळजवळ दहावा हिस्सा अशाच रेणूंच्या निर्मितीसाठी राखलेला निघाला.

मग औषधाचे काय झाले? मरिझोमिब या नावाने त्याच्या मानवी चाचण्या २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यासाठी खारट माध्यमातले मोठे किण्वन करावे लागले, आणि मीठ हे पोलादी टाक्यांचे शत्रू असल्याने तो प्रश्नही वेगळा सोडवावा लागला. हा रेणू रक्तातून मेंदूत पोहोचू शकतो, म्हणून मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगावर त्याच्याकडून मोठी अपेक्षा होती. तिसऱ्या टप्प्यात ७०० हून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या उपचाराला मरिझोमिबची जोड दिल्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही, उलट मेंदूवरचे दुष्परिणाम वाढले. म्हणजे गाळ हाती आल्यापासून तीन दशकांहून अधिक काळ गेला, आणि उत्तर ‘नाही’ असे आले. मी याला अपयश म्हणायला तयार नाही. या एका जीवाणूने प्रोटिएसोमविषयी, क्लोरीन बसवणाऱ्या विकरांविषयी आणि जीनोममध्ये दडलेल्या रसायनशास्त्राविषयी जे शिकवले, त्यावर आज अनेक प्रयोगशाळा उभ्या आहेत. परंतु २००३ ची बातमी वाचून ज्याने आशा बांधली, त्याला पुढचे हे ‘नाही’ही त्याच ठळकपणे सांगायला हवे होते.

काचेच्या बशीतला परिणाम म्हणजे औषध नव्हे, हे वाक्य आपल्या विज्ञानपानावर पुनःपुन्हा छापले तरी माझी हरकत नाही. अर्कात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले, तर त्याचा अर्थ त्या अर्कात काहीतरी मारक आहे इतकाच. फिनाइलची चकती ठेवली तरी वर्तुळ दिसते. तो पदार्थ माणसाच्या पेशींनाही मारतो का, रक्तात टिकतो का, यकृत त्याचे काय करते, हे प्रश्न त्यानंतरचे. डोलास्टॅटिन १० चेच पाहा. कर्कपेशींवर तो इतका प्रभावी, की तो एकटाच रुग्णाला पुरेशा मात्रेत देता येईना. अखेर त्याच्यावरून बेतलेला रेणू कर्कपेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला जोडला गेला, जेणेकरून विष नेमके त्या पेशीत जाऊन सुटावे. आणि त्या रूपात ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन हे औषध २०११ मध्ये काही प्रकारच्या लिम्फोमासाठी, म्हणजे लसिका संस्थेच्या कर्करोगासाठी, मान्य झाले. १९८७ ते २०११. मधल्या काळातले शहाणपण रसायनशास्त्रज्ञांचे, प्रतिपिंडांवर काम करणाऱ्यांचे आणि चाचण्यांत सहभागी झालेल्या रुग्णांचेही होते.

दुसरी अडचण जुनेच रेणू पुन्हा सापडण्याची. मोठ्या मेहनतीने अर्क शुद्ध करावा, चंचुपात्राच्या तळाशी लागलेल्या काही मिलिग्रॅम पिवळसर थरावरून वर्णपट घ्यावेत, आणि तो रेणू साठ वर्षांपूर्वीच मातीतून मिळाला होता असे निघावे, याचा अनुभव या क्षेत्रातल्या प्रत्येकाला आहे. म्हणूनच औषधकंपन्यांपैकी बऱ्याच जणींनी निसर्गातून रेणू शोधणे सोडून दिले. आता रेणूंचे वजन मोजणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापीवर अर्क तपासून, जगभरच्या संग्रहांशी तुलना करून ओळखीचे रेणू सुरुवातीलाच बाजूला काढता येतात. समुद्राचे आकर्षण इथेही आहे, कारण वेगळा खारटपणा, वेगळा दाब, वेगळे शेजारी यांमुळे नवा रेणू मिळण्याची शक्यता वाढते.

आणि समुद्रात न पाहिलेले फार आहे. पृष्ठभागाजवळच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जीवाणू असतात. त्यांपैकी नेहमीच्या माध्यमांवर वाढतात ते शेकडा एकाहूनही कमी. बाकीच्यांना कदाचित शेजारच्या जीवाणूचा एखादा संकेत लागतो, कदाचित आपण देतो ते अन्नच त्यांना जास्त होते. २००२ मध्ये स्लाव्हा एपस्टाइन, किम लुईस आणि सहकाऱ्यांनी समुद्रकाठच्या गाळातले जीवाणू दोन पातळ पटलांच्या मध्ये बंद करून पुन्हा गाळावरच ठेवले, म्हणजे रसायने आतबाहेर जातील पण जीवाणू जाणार नाहीत. बशीत कधीच न वाढलेले काही तिथे वाढले. याच कल्पनेच्या पुढच्या रूपाने २०१५ मध्ये मातीतल्या एका जीवाणूपासून टेक्सोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक मिळाले. दुसरा मार्ग जीवाणू न वाढवता त्याचा डीएनए वाचण्याचा आहे. २०२२ मध्ये हजाराहून अधिक सागरी नमुन्यांतल्या डीएनएच्या अभ्यासातून असे रेणू बनवू शकणारे जवळपास ४० हजार जनुकसमूह मोजले गेले. अर्थात जनुक दिसणे म्हणजे रेणू हाती येणे नव्हे. यांतले बहुसंख्य जनुकसमूह प्रयोगशाळेत मौन धरून असतात, आणि त्यांना बोलते करणे हे अनेक कारकिर्दींचे काम आहे.

एवढे सगळे असताना हे काम कुठे अडते? माझ्या मते ते सर्वांत आधी साठवणुकीपाशी अडते. नवे जीवाणू शोधण्यासाठी प्रकल्प मंजूर होतात, पण प्रकल्प तीन-चार वर्षांत संपतो आणि त्यात वेगळे केलेले जीवाणू कोणाचेच राहत नाहीत. मी जिथे काही काळ काम केले अशा एका संस्थेत, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, उणे ८० अंशांचा शीतकपाट लागोपाठच्या सुट्ट्यांत बंद पडला. त्यात गाळातून वेगळे केलेल्या शेकडो सागरी जीवाणूंच्या कुप्या होत्या. कितीतरी विद्यार्थ्यांच्या पीएचडी त्यांवर झालेल्या होत्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्यांपैकी निर्जलित करून काचेच्या बंद कुपीत ठेवलेले तेवढे वाचले. झालेल्या नुकसानीची नोंद यंत्राच्या दुरुस्तीच्या फाइलमध्ये झाली, कारण जीवाणूंची किंमत लिहिण्यासाठी रकानाच नव्हता. ब्रोत्सू यांची बुरशी अशी गेली असती तर, हा विचार त्या दिवसापासून माझा पिच्छा सोडत नाही. ज्या जीवाणूत आज काही सापडले नाही, त्यात उद्याच्या पद्धतीने सापडू शकते. पण त्यासाठी तो उद्या जिवंत असला पाहिजे. संग्रह सांभाळणारा कुशल माणूस, जनित्र, दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत, नमुना कुठल्या खोलीवरून आणि कोणत्या तारखेला घेतला याची नीट नोंद, यांसाठी सलग आणि कायमस्वरूपी निधी लागतो. या कामातून शोधनिबंध निघत नाहीत, म्हणून ते कोणाच्या बढतीच्या अर्जात येत नाही आणि कोणत्याच बातमीत येत नाही.

दुसरी अडचण शेवटच्या टोकाला आहे. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे जगभरात थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. नव्या प्रतिजैविकांची एवढी निकड असूनही ती बनवणारे तगत नाहीत. अकाओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिनला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कारण सरळ आहे: नवे प्रतिजैविक जपून, शेवटचा उपाय म्हणून वापरावे हेच योग्य, आणि जे जपून वापरले जाते ते फारसे विकले जात नाही. तेव्हा समुद्रातून उद्या उत्तम रेणू मिळाला तरी तो रुग्णापर्यंत नेण्याचा खर्च केवळ विक्रीच्या भरवशावर कोणी उचलणार नाही. त्यात सार्वजनिक पैसा असावाच लागेल, आणि असा पैसा देण्यासाठी लोकांना हा हिशेब आधी कळला पाहिजे.

मालकीच्या प्रश्नाचाही उल्लेख करते. देशांच्या हद्दीतील जैविक संपत्तीच्या लाभाची वाटणी कशी व्हावी याविषयी २०१० चा नागोया करार आहे. हद्दीबाहेरच्या खुल्या समुद्रासाठी संयुक्त राष्ट्रांत २०२३ मध्ये वेगळा करार संमत झाला आणि तो जानेवारी २०२६ पासून अमलात आला. नमुने गोळा करणाऱ्यांनी ते जाहीर करावे, आणि सागरी जनुकीय साधनांतून होणाऱ्या लाभात सर्व देशांचा वाटा असावा, ही त्यातली तरतूद मला न्याय्य वाटते. मात्र तिची अंमलबजावणी करताना विद्यार्थ्याने मूठभर गाळ दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवणेही अशक्य होऊन बसू नये, याची काळजी घ्यावी लागेल.

आपल्याकडून माझी अपेक्षा मर्यादित आहे. अशी बातमी छापताना तो परिणाम बशीत दिसला, उंदरांत दिसला की माणसांत, हे मथळ्यात नाही तरी पहिल्या परिच्छेदात असावे. रेणू नवा आहे की माहीत असलेला, तो बनवणारा सूक्ष्मजीव कोणता, आणि तो कुठल्या संग्रहात जमा केला आहे, हे वार्ताहराने संशोधकाला विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कुठेच नाही’ असे आले तर तेही छापावे. आणि ज्या रेणूंविषयी आपण पूर्वी लिहिले आहे, त्यांचे पुढे काय झाले याचा आढावा वर्षातून एकदा तरी घ्यावा, मग उत्तर ‘चाचणी फसली’ असे असले तरी हरकत नाही. या कामात आपल्या वार्ताहरांना एखादा शोधनिबंध समजून घ्यायचा असेल, तर माझ्यासारखे अनेक निवृत्त अध्यापक तो त्यांच्याबरोबर बसून ओळीओळीने वाचायला आनंदाने तयार होतील. पत्राखाली दिलेल्या पत्त्यावर कळवावे. पत्ता प्रसिद्धीसाठी नाही.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका